तिसऱ्या हाकेला ओ

नव्वदच्या दशकात माझी दुसरी पोस्टिंग काश्मीरमध्ये, एका नदीकाठच्या चौकीवर होती. चौकीत ठाणे जिल्ह्यातले आम्ही दोघेच. मी शहापूरजवळच्या सापगावचा आणि किसन सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला. दोघेही शिपाई, दोघांचे बंक शेजारी.

किसनकडे भुतांचा मोठा साठा होता. त्यातला गिऱ्हा त्याचा खास. वाडीखालच्या नदीच्या डोहात तो राहतो, आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि ओ दिली की पाण्यात ओढतो. मात्र सलग तीनदा हाक मारणं त्याला जमत नाही. म्हणून वाडीतली माणसं नदीवर पहिल्या दोन हाकांना गप्प राहतात आणि तिसरीलाच ओ देतात.

आम्ही बौद्ध झालो आणि घरातून देव गेले, तेव्हाच भुतंही गेली, असं माझे वडील म्हणत. मी किसनला छळायचो.

"तुझा गिऱ्हा तीनपर्यंत मोजायला नाय शिकला का रे?"

"नाय ना. तुज्यासारखा शाळंत गेला असता तर पयला तुलाच ओढला असता."

फौजेत या रिवाजाचं व्हायचं तेच झालं. हजेरीला नाव पुकारलं की किसन ताठ उभा, नजर समोर, तोंड बंद. हवालदारसाहेब पंजाबचे. त्यांनी त्याला मैदानाला चकरा मारायला लावल्या, तेव्हा कुठे हजेरीपुरती ती सवय सुटली. पुढे वायरलेस सेट त्याच्या पाठीवर आला आणि पुन्हा तेच. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, नदीजवळ असली की हा कंट्रोलच्या पहिल्या दोन कॉलना गप्प.

"टायगर टू, जवाब दो. ओव्हर."

तिसऱ्या वेळी लगेच, "टायगर टू, ओके. ओव्हर."

कंट्रोलवाले आधी चिडले, मग हसायला लागले. शेवटी अख्खी प्लाटून त्याला जेवायलाही तीनदा हाक मारू लागली.

उन्हाळा तोंडावर आला आणि बर्फ वितळू लागलं. त्या सकाळी आमची पेट्रोल परतत होती. धुकं दाट होतं. नदी ओलांडायला दोन ओंडके टाकलेले आणि हाताला एक दोर. एकेक जण पार झाला. किसन शेवटचा. दोराला ताण आला, मग एक झटका बसला, मग दोर ढिला पडला. ओंडका सरकला होता. धुक्यात पाणीसुद्धा धड दिसत नव्हतं.

आम्ही काठाने खाली धावलो.

"किसन!" हवालदारसाहेब ओरडले. उत्तर नाही.

थोडं पुढे जाऊन ते पुन्हा ओरडले. उत्तर नाही. पण कोणाचा धीर सुटला नव्हता. दोनच हाका झाल्या होत्या. हवालदारसाहेब माझ्याकडे वळले.

"तीसरी तू मार. अपनी बोली में."

आयुष्यात पहिल्यांदा मला ती गोष्ट खरी असावी असं वाटत होतं. तो कुठेतरी खडकाला धरून मुद्दाम गप्प असावा, एवढंच मागत होतो. मी तोंडाशी हात धरले.

"किसन्या रे!"

आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. चौथी हाक कोणीच मारली नाही. दुपारी तो खालच्या वळणावर सापडला.

त्या काळी अंत्यसंस्कार बहुधा युनिटमध्येच व्हायचे. अस्थी आणि त्याची काळी ट्रंक घेऊन मला पाठवलं. तार वाडीपर्यंत पोचली की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं.

मुरबाडहून एसटी, पुढे पायी. डोहाच्या कडेने पार व्हायची वाट वाडीतल्या माणसाने दाखवल्याशिवाय सापडत नाही, म्हणून अलीकडून हाक मारायची. पलीकडे किसनची आई भांडी घासत होती. सुट्टीत मी तिच्या हातची नाचणीची भाकर खाल्ली होती.

"किसनच्या आये!"

तिने मान वर केली नाही. रिवाजच तो.

"किसनच्या आये!"

तिचा हात थांबला. तिने पाहिलं. अंगावर वर्दी, पायाशी ट्रंक, काखेत लाल फडक्यात बांधलेला कलश आणि मी एकटा. तिसऱ्या हाकेसाठी मी तोंडाशी हात धरला. ती उठून उभी राहिली.

"तिसरी नको मारू रे पोरा," ती पलीकडून म्हणाली. "मंग मला ओ द्यावी लागंल."

मी मारली नाही. लुगडं वर खोचून ती पाण्यात उतरली आणि मला न्यायला अलीकडे आली. कलश तिने माझ्याकडून घेतला, छातीशी धरला आणि वाट दाखवत पुढे चालू लागली. मी ट्रंक डोक्यावर घेऊन मागोमाग गेलो.