साहेबानं तकलीफ विचारली तेव्हा

आप्पा फौजेतून पेन्शनीत आले त्याला पंचवीस वर्षं झाली, पण साहेब दिसला की त्यांच्या टाचा अजून आपोआप जुळायच्या. या सवयीचा मला आजही राग येतो.

आईला दमा होता. आमच्या बोरगावातनं निपाणी जवळच. तिथं माजी सैनिकांचा छोटा दवाखाना होता. तिथली डॉक्टरीणबाई आईची छाती तपासायची, मशीननं वाफ द्यायची, वर "आक्का, परत भजी खाल्लीत न्हवं?" म्हणून रागवायची. आई लाजायची. दुपारच्या भाकरीला आम्ही परत घरात असायचो.

मग कानावर आलं, पेशंट कमी म्हणून दवाखाना बंद करून सगळ्यांना बेळगावला पाठवणार. त्याआधी एक मोठे साहेब पाहणीला आले. व्हरांड्यात दहा-बारा म्हातारे फौजी बसलेले, शेजारी त्यांच्या बायका. साहेबांनी विचारलं, "बेलगाम जाने में किसी को कोई तकलीफ?"

सगळे ताडकन उभे राहिले. एरवी गुडघे धरून उठणारी माणसं ती! आणि आप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा, "नहीं साब!"

साहेबांनी तसं लिहून घेतलं. मी तोंड उघडलं, तर आप्पांनी असं बघितलं की मी, दोन पोरांची आई, गप बसले.

बाहेर आल्यावर मात्र सोडलं न्हाय. "आप्पा, हिला बेळगाव झेपणार हाय व्हय? बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा खपत न्हाईत!"

"साहेबापुढं रडगाणं गायचं नसतंय गं," आप्पा म्हणाले. "तकलीफ सांगितली की माणूस कच्चा ठरतो."

"जाऊ दे," आई म्हणाली. "तेवढंच माझं फिरणं हुईल."

महिन्याभरात दवाखान्याच्या दाराला कुलूप लागलं. बेळगावला दोन बस बदलून जायचं, मग रांग. पहिल्या खेपेला आई घरी येईपर्यंत ढासत होती. दुसऱ्या खेपेला स्टँडवरच्या बाकावर आडवी झाली, चारचौघांत, तोंडावर पदर घेऊन. तिसऱ्या वेळी म्हणाली, "मला आता बरं वाटतंय. कशाला जायचं?" आप्पांनी ते खरं मानलं. मीही मानलं, कारण सोयीचं होतं. देवा, किती सोयीचं होतं!

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी चहा ठेवताना तिचा श्वास अडकला. निपाणीतल्या खाजगी डॉक्टरांनी ताबडतोब बेळगावला हलवा म्हणून सांगितलं. वाटेत संकेश्वरच्या पुढं ती बोलली न्हाय. बेळगाव यायच्या आतच गेली.

तेरावा झाल्यावर आप्पा अर्ज लिहायला बसले. दवाखाना परत उघडा म्हणून चार पानं. दोन बस, रांग, स्टँडवरचा बाक, तिथवरचं सगळं लिहिलं. "आता कशाला?" मी चिडून विचारलं.

"बाकीच्यांच्या बायका हाईत की गं," ते म्हणाले.

अर्ज घेऊन आम्ही दोघं बेळगावच्या कचेरीत गेलो. टेबलामागच्या बाई भल्या होत्या. चारही पानं वाचली. "बरोबर हाय तुमचं, अज्जा. पेशंटचं नाव काय?"

आप्पांनी आईचं नाव सांगितलं.

"त्यांना एकदा घेऊन या की. त्या स्वतः साहेबांशी बोलल्या तर लवकर काम हुईल."

आप्पा टेबलाची कड धरून उभे राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू सांग गं. माझ्यानं न्हाय सांगवत."