टाक्यातली मुलगी

मी शाळेत विज्ञान शिकवते. करणी, भूतबाधा असलं काही कुणी सांगू लागलं की पहिला प्रश्न माझाच — "पुरावा काय?" त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. तरी लिहिते...

आमचं घर कळंबला. अंगणात जमिनीखाली पाण्याचं सिमेंटचं टाकं आहे. त्याचं तोंड इतकं अरुंद की मोठं माणूस आत उतरत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात ते घासायला बाबा मला आत सोडायचे. आठ वर्षांची असताना एकदा मी नाही म्हटलं. आतल्या अंधाराची भीती वाटायची. बाबांनी उचलून आत सोडलं आणि वरून लोखंडी झाकण लावलं. काढलं ते संध्याकाळी! "भुललोच की मी," म्हणाले. पुढे प्रत्येक लग्नकार्यात बाबांच्या विसरण्याचा हा किस्सा रंगायचा. सगळे हसायचे, मीही हसायचे.

गेल्या वर्षी प्रयोगशाळेचं दार वाऱ्याने धाडकन लागलं आणि मी मुलांसमोर किंचाळत सुटले. मग यवतमाळला एका समुपदेशक मॅडमकडे जाऊ लागले. त्या म्हणाल्या, "ती आठ वर्षांची मुलगी अजून आतच आहे. तिला बाहेर काढा." मनात म्हटलं, काय पण थापा!

या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपार. नळ आला नव्हता, म्हणून टाक्यात किती पाणी उरलंय ते बघायला मी झाकण सरकवलं. तळ कोरडा ठणठणीत. आणि खालून आवाज आला —

"बाबा, झालं घासून. काढा ना मले..."

माझाच आवाज. लहानपणीचा.

खरं सांगते, पळावंसं वाटलं. पण ती रडत होती हो! मी पालथी पडले, हात आत घातला. "ये माय, हात दे. मी आहो न." एक ओला, इवलासा हात माझ्या मनगटाला घट्ट बिलगला. ओढताना खांद्यात कळ आली, इतकं वजन होतं. उजेडात आला तो माझा एकटीचाच हात. त्याला हिरवं शेवाळ लागलेलं.

घरात गेले. लकव्यामुळे बाबा दोन वर्षं अंथरुणावर आहेत. त्यांची खोली पार मागे, त्यात कूलर धडधडत होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं,

"निघाली काय पोरगी?"

"...हो."

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "मी भुललो नव्हतो. झाकणावरच बसून होतो. रडणं थांबलं का काढीन म्हटलं... तू थांबतच नव्हती."

संध्याकाळी त्यांना खिचडी भरवली, तोंड पुसलं, कूस बदलून दिली. माझ्या अंगाचा नुसता संताप झाला होता.

आवाज कुठून आला, कोरड्या टाक्यात शेवाळ कसं, बाबांना कसं कळलं... तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.

परवा मॅडमनी विचारलं, बाबांना माफ कराल का? मी डोळे मिटून त्या आठ वर्षांच्या मुलीला विचारलं.

ती नाही म्हणाली.