फणसाची पाठराखीण

स्वच्छतेच्या बाबतीत आमची आत्या कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. नाते गावाहून आणलेलं फणसाचं रोप तिनं मुळं साबणानं धुऊन महाडच्या परसात लावलं. ते आठवड्यात वाळलं. शेतकी खात्यातले शेजारी म्हणाले, "मुळांना बुरशी असते. ती झाडाला मातीतलं पोषण आणून देते, झाड तिला साखर देतं. तुम्ही तीच धुऊन टाकलीत."

"म्हणजे नवरीची पाठराखीणच की! आधी नाय सांगायचं?" आत्या त्यांच्यावरच उखडली. दुसरं रोप तिनं टोपलीभर मातीसकट आणलं. ते तरारलं.

माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून पोलादपूरला आत्याच आली, चार दिवसांसाठी. महिना झाला तरी हलेना, आणि चहात साखर तीन चमचे. फणसाची गोष्ट ऐकलेल्या नवऱ्यानं शेवटी हळूच विचारलं, "घरात साबण आहे का गं?"