कौल समजून बसलो

मी माझ्या बायकोशी खोटं बोललो, आणि तेही अशा गोष्टीत, जी तिने विश्वासाने माझ्या हाती सोपवली होती. घशाच्या कॅन्सरसाठी सुषमाचं रेडिएशन पूर्ण झालं होतं. तोंड सतत कोरडं पडायचं म्हणून पाण्याची बाटली सोबत असायची, बाकी ती सावरत होती. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आम्ही कॉम्प्युटरला जुन्या रुग्णांचे स्कॅन आणि पुढे त्यांचं काय झालं ते शिकवलंय. त्यावरून आजार उलटण्याची शक्यता किती, याचा अंदाज तो देतो. सुषमा म्हणाली, "मला नका सांगू. यांना सांगा. मला फक्त यायचं कधी ते कळू दे."

तिला बाहेर बसवून मी ऐकलं. धोका जास्त असलेल्या गटात तिचं नाव होतं. डॉक्टरांनी बजावलं, की हा निकाल नव्हे, अंदाज आहे, म्हणूनच पुढचा स्कॅन लवकर करू. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "सगळं छान आहे. तीन महिन्यांनी बोलावलंय."

असं का केलं, याचं उत्तर माझ्या कोकणातल्या गावात आहे. आमचे वडील मुंबईला गिरणीत कामाला आले, आम्ही आता चारकोपला राहतो, पण अडलं की अजून गावच्या रवळनाथाला कौल लावतो. देवाच्या अंगावर फुलाच्या कळ्या लावायच्या, उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. एकदा कौल झाला की परत विचारायचं नाही, हे लहानपणापासून मनात बसलेलं. कॉम्प्युटरचं सांगणं मी तसंच घेतलं. डावा कौल पडला, आता स्कॅन म्हणजे तोच कौल नुसता वाचून दाखवणं, असं वाटायचं. स्कॅन होत नाही तोवर ती बरी आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. हॉस्पिटलमधून फोन यायचे, तर गावी आहोत म्हणून सांगायचो. घरी तिच्या भातावर तूप वाढवून वाढायचो. ती म्हणायची, "अहो, मला बाळंतीण समजताय की काय?"

एकदा तिचं औषध आणायला मी एकटाच हॉस्पिटलात गेलो होतो. स्कॅनच्या खोलीबाहेर माहुलच्या कोळीवाड्यातली एक बाई बसली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर पिशवी.

"दादा, जरा पिशवी धरता? आत नेऊ देत नाय. सोबत कोण नाय माझ्या."

मी धरली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, पहिल्यांदाच आलात का?

"छे. त्या कॉम्प्युटरनं मला धोक्यातल्या लोकांत टाकलंय ना, म्हणून सारखं बोलावतात."

मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण त्यानं सांगितलं म्हणून तर बोलावणं येतंय. नायतर मी घरी सुकट निवडत बसले असते, आणि अंगात काय चाललंय ते कळलंच नसतं."

स्कॅन करून परत आल्यावर तिने पिशवीतून एक नारळ काढून माझ्या हातावर ठेवला. "दोन आणलेत. एक तुमच्या देवाला." मी नको म्हणेपर्यंत ती निघूनही गेली. मी तिचं नाव विचारलं नाही, पुन्हा ती दिसलीही नाही. तिला कोणी पाठवलं, हे मी ठरवणार नाही. एवढंच सांगतो, की तिथून मी सरळ खिडकीवर गेलो आणि स्कॅनची तारीख घेतली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. स्कॅनमध्ये लहानशी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर अवघड होतं. ऑपरेशन झालं. आज सुषमा आवाज बसला तरी शेजारणीशी भांडू शकते, आणि ते ऐकताना मी मनातल्या मनात हात जोडतो. ज्याला मी शिक्षा समजत होतो, तो वेळेवर आलेला निरोप होता. देवाच्या हाती सोपवणं म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे, बोलावलं तिथे जाणं, हे मला त्या बाईकडून कळलं.

पण हे सगळं व्हायच्या आधी, तारीख घेतली त्याच संध्याकाळी, मी तो नारळ देवासमोर ठेवला आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालून त्याची विनवणी करू लागलो. सुषमा शेजारी उभी राहून आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होती. 'काय चुकला माकला असात तर' इथवर आलो आणि थांबलो. मग वळून तिला सगळं सांगितलं.

तिने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. "म्हणजे माझ्या वाट्याचंही तुम्हीच घाबरून घेतलंत," ती म्हणाली. "तारीख कधीची आहे?"

"सोमवारची."

"मग गाऱ्हाणं अर्धं कशाला सोडलंत? पुरं करा."

देव माझ्या पाठीशी होता. मी तिच्याकडेच तोंड करून हात जोडले आणि म्हणालो, "माझा चुकला. पदरात घे."