म्हाळाचा पाट

“ज्या पाटावर बाप जेवला त्याला भोकं पाडलीस? बोल की. का तोंडात बी तारा भरल्यात?”

यशवंतरावांनी धाकट्या भावाचे केस मुठीत धरले होते आणि दर प्रश्नाला ते त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटत होते. ज्ञानदेवचा ओठ फाटला होता. बनियनवर रक्ताचे ठिपके पडले होते. दोघांची आई मंजुळाबाई वड्याच्या पिठात हात तसाच ठेवून बसल्या होत्या. थोरल्याला त्या थांबवत नव्हत्या आणि धाकट्यासाठी रडतही नव्हत्या. मधोमध फरशीवर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा, आबांचा, सागवानी पाट उलटा पडला होता आणि त्याच्या पोटावर पत्र्याच्या चार पेट्या बसवलेल्या होत्या.

“दादा, लोकं बघत्यात,” ज्ञानदेव म्हणाला.

“बघू दे. गिटारवाल्याला बघणारी लागत्यातच की.”

ज्ञानदेवची बायको कौसल्या कोपऱ्यात प्लगपाशी उकिडवी बसली होती. तिच्या हातात तारा डकवायची विजेची सोल्डरची कांडी होती, पुरती तापलेली. दहा मिनिटं आधी हाताशी आली असती तर सगळ्या तारा सुटल्या असत्या, पेट्या निघाल्या असत्या, भोकांत लाख भरून पाट परत खुंटीला गेला असता. पण दहा मिनिटं मिळाली नाहीत.

चूक तिथीची झाली होती. सासरे गेले अमावास्येला, म्हणजे पितृपक्षातलं त्यांचं श्राद्ध, म्हाळ, रविवारी. तोवर पेट्या उतरवायच्या, म्हाळ झाला की पुन्हा चढवायच्या, असा तिचा हिशोब होता. पण भोसरीत वीज गुरुवारी बंद म्हणून कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, आणि यशवंतरावांनी बापाचा म्हाळही सुट्टीला ओढून घेतला. ते आईला बोलले, आई कुणाला बोलली नाही. आज सकाळी कौसल्या नळावरून आली तेव्हा म्हातारी पाट धुवायला खुंटीवरून काढत होती. वस्तीत मात्र वीज होती. कौसल्येनं कांडी प्लगला लावली, पण ती तापेस्तोवर पाट उलटा झाला होता.

त्या दोन खोल्यांत मार वरून खाली यायचा. कंपनीत फोरमननं प्रेसवर यशवंतरावांचा बाप काढला की संध्याकाळी ते ज्ञानदेवला धरत. ज्ञानदेवनं थोरल्यावर हात कधी उचलला नाही, पण रात्र व्हायच्या आत त्याला कौसल्येच्या भाजीत मीठ कमी लागे. यशवंतरावांची स्वतःची बायको दोन वर्षांपूर्वी हाताला प्लास्टर बांधून माहेरी गेली होती ती परतली नव्हती. तिच्यामागं कुणी गेलंही नाही. शेजारीपाजारी म्हणत, माणूस कष्टाळू आहे, दारू पीत नाही. ते खरंच होतं. ते शुद्धीत मारत.

कौसल्या माण तालुक्यातली, सातवी पास. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ती सुमनताईंच्या वर्कशॉपात कामाला होती. तिथं स्टॅबिलायझर बनत. दिवसभर तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या भरायच्या, तारांना सोल्डर लावायचं. तिची बोटं जागोजाग भाजलेली होती आणि हाताला कंप नव्हता. सुमनताई म्हणायच्या, “तुझं सोल्डर मला चाचपून बघावं लागत नाही.” लग्न होऊन आल्यापासून तिला मिळालेलं चांगलं बोलणं म्हणाल तर एवढंच.

ज्ञानदेव चिमाजीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवी. यंदा गणपतीत चिमाजीनं त्याला स्पष्ट सांगितलं, “मुंबईवाल्यांची गिटार फाटते, रडते, थरथरते. तुझी नुसती वाजते. नवरात्रात नऊ कार्यक्रम हायेत. आवाज आण, न्हाईतर मी दुसरा बघतो.” नऊ कार्यक्रमांच्या पैशात सुमनताईंची मागची खोली भाड्यानं मिळणार होती. वेगळी खोली, वेगळं दार, आणि मार जिथून सुरू व्हायचा तो माणूस दाराच्या पलीकडे. तिथं वेगळं राहायची ज्ञानदेवनं शपथ घेतली होती.

मग पितृपंधरवड्यात ऑर्केस्ट्रा बंद असताना तिनं गिटारला तसे आवाज देणाऱ्या पेट्या बनवायला घेतल्या. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दत्तोबानं कागदावर आकृत्या काढून दिल्या. एका पेटीनं आवाज फाटायचा, दुसरीनं थरथरायचा. तिसरीला भंगारातल्या टेम्पोचा अॅक्सिलेटर जोडला. पाय दाबला की गिटार कण्हल्यासारखी वाजे. पेट्या चालूबंद करायला ट्रकचे डिपर, दिवे वरखाली करायला ड्रायव्हर पायानं दाबतात ते खटके. चौथी पेटी विजेची, तिघींना मिळून एक; तिचा ट्रान्सफॉर्मर कौसल्येनं जेवणाच्या सुट्टीत स्वतः भरला. सुट्या पेट्या स्टेजवर पायाखालून सरकत, तारा निघत. त्या घट्ट बसवायला फळी हवी होती. फळीसाठी तिनं आठ दिवस भंगार पालथं घातलं. प्लायवूड वाकायचं, खोक्याचं लाकूड चिरायचं. आणि भिंतीवर वर्षातून एकदा उतरणारा, इंचभर जाड, दोन आडव्या पट्ट्यांचा पाट समोर टांगलेला होता. उलटा केला की त्या पट्ट्यांच्या मधे चारी पेट्या मापानं बसत. ज्ञानदेव म्हणाला होता, “आबांनीच मला पहिल्यांदा बाजाची पेटी शिकवली. ते काय म्हणणार न्हाईत.” गिरमिट तिनं फिरवलं. आरपार आठ भोकं.

“शेवटचं इचारतो,” यशवंतराव म्हणाले. “भोकं कुणी पाडली?”

ज्ञानदेवनं कौसल्येकडं पाहिलं. तिला वाटलं, आबांचं नाव घेईल. निदान गप्प बसेल.

“हिनं,” तो म्हणाला. “मी नको म्हणत हुतो.”

यशवंतरावांनी केस सोडले. भावजयीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्याचा त्यांना अभिमानही होता. पाटाजवळ पडलेली, गिटार पेट्यांना जोडायची जाड लांब तार त्यांनी उचलली आणि भावाच्या हातात दिली.

“मग हाण तिला. माझ्यासमोर. बघू दे घरात पुरुष किती हायेत.”

“दादा, म्हाळाच्या दिवशी...”

“हाण.”

ज्ञानदेवनं हाणलं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. तारेच्या टोकाला पितळी पिन होती, ती तिनंच परवा जोडली होती. कानामागं कातडी फाटली आणि रक्त पोलक्यात उतरलं. तिसऱ्याला त्यानं हात उचलला तेव्हा तो थोरल्याकडं बघत होता, पुरे का म्हणून. कौसल्येनं ते बघणं पाहिलं. वेगळ्या खोलीतही हा माणूस असाच दाराकडं बघत बसेल, हे तिला तेव्हा कळलं.

“पुरं,” यशवंतराव म्हणाले आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन ते पेट्यांपाशी वाकले. पहिल्याच घावाला थरथरणारी पेटी चपटी झाली, आतले सुटे भाग पिठाच्या परातीत उडाले. त्यांनी दुसऱ्या पेटीवर वरवंटा उचलला. डावा हात पाटावर टेकलेला होता.

कौसल्या बसल्या जागेवरून पुढं सरकली आणि तिनं कांडी त्या हातावर टेकवली. सोल्डर लावताना टेकवते तशी. घाई नाही, तीन मोजेपर्यंत. कातडी चरचरली, खोलीत जळका वास पसरला. यशवंतराव किंचाळून आडवे झाले. वरवंटा सुटून फरशीचा टवका उडाला. त्या घरात त्यांचा आवाज तसा कुणी ऐकला नव्हता. ज्ञानदेव तार हातात घेऊन भिंतीला चिकटला.

“याच्यापुढं या,” कौसल्या म्हणाली. कांडी अजून प्लगलाच होती.

कुणी आलं नाही. यशवंतराव मोरीत हात पाण्याखाली धरून बसले. मंजुळाबाईंनी परातीतल्या पिठातून एकेक तुकडा वेचला आणि फरशीवर ठेवला.

“पाट लागंल मला,” त्या म्हणाल्या. “पान वाढायचं हाय.”

“देते, आत्याबाई.”

तिनं आठही नट सोडवले. चपटी झालेली पेटीसुद्धा सोडवून घेतली. पाट धुतला, पुसला, भोकांत लाख ओतली आणि सुलटा करून म्हातारीपुढं ठेवला. म्हातारीनं भोकांवरून बोट फिरवलं. मग त्याच्याभोवती रांगोळी घातली. वडे तळले गेले, खीर झाली, पान वाढलं. ज्ञानदेव कावळ्याला घास ठेवून आला. चौघं जेवायला बसली. यशवंतरावांच्या डाव्या हाताला हळद-तेलाची चिंधी होती. ते उजव्या हातानं जेवत होते.

“कौसे, मानेला काय तरी लाव,” ज्ञानदेव खालच्या आवाजात म्हणाला. “आणि ती पेटी नीट हुईल का? घटस्थापनेला चार दिस ऱ्हायलेत.”

तिनं खिरीची वाटी संपवली आणि हात धुतला. पेट्या, तारा आणि कांडी एका लुगड्यात बांधून तिनं ते बोचकं काखेत घेतलं.

“मी सुमनताईंच्या मागच्या खोलीत राहायला चाललेय,” ती म्हणाली. “पेट्या माझ्यासोबत येतील. नवी फळी बघते. चिमाजीकडं जो कुणी वाजवील त्याला त्या भाड्यानं देईन. ह्यांनी माझ्यामागं येऊ नये.”