जमादारांच्या शेजारची जागा

बन्सी अग्निशमन दलात रुजू झाला त्या सकाळी जमादार निजामुद्दीन फक्त "कौन रे तू?" एवढंच म्हणाले, पण त्या आवाजानं छपरावरची कबुतरं थेट पाणचक्कीवर जाऊन बसली, उभ्या बंबाची घंटा आपोआप वाजली आणि औरंगपुऱ्यातल्या दुकानदारांनी आग लागली समजून गल्ले कडेवर घेतले. बन्सी जागचा हलला नाही. "ही टोपी मला लहान होते," म्हणाला.

ही त्याची पहिली तक्रार. पुढं रोज नवी. चहा पातळ, बूट घट्ट, शिडी जड.

त्या उन्हाळ्यात मुंबईहून एक अधिकारी व्याख्यानाला आले. ऐन मे महिना, पंखा बंद, आणि विषय दक्षिण ध्रुव! तिथं एक कप्तान ध्रुव अगदी टप्प्यात आला असताना, माणसं जगवायची म्हणून माघारी वळला होता. पुढच्या सफरीत जहाज बर्फात अडकलं, तेव्हा त्यानं कुरकुऱ्या खलाशांना स्वतःच्याच तंबूत झोपवलं. म्हणजे कुरकुर बाकीच्यांत पसरत नाही. सगळे पेंगत होते. जमादार तेवढे जागे होते.

दुसऱ्या दिवसापासून बंबावर बन्सीची जागा जमादारांच्या शेजारी. जेवणही त्यांच्याच डब्यातलं, त्यांच्या बायकोच्या म्हणजे चाचींच्या हातचं.

"रड आता माझ्यापाशी," जमादार म्हणायचे, "बाकीच्यांचं डोकं खाऊ नको."

"चाचींची खट्टी दाळ लई आंबट झाली," बन्सी जेवता जेवता सांगायचा.

मग दौलताबादजवळून वर्दी आली. जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरलेला सांडू नावाचा गडी तळाशी कोसळला होता. वरून त्याचा सदरा दिसत होता. जमादारांनी दोराला कंदील बांधून खाली सोडला. निम्म्यावरच विझला. खाली वाईट हवा साचली होती, आणि नाकाला लावायची हवेची टाकी त्या काळी दलात नव्हती.

बन्सीनं कमरेला दोर बांधला. "श्वास धरून जातो."

"नाय."

"जमादार, माणूस दिसतोय!"

"दिसतोय म्हणूनच नाय. त्याला बघून उतरशील नि त्याच्याच बाजूला पडशील. तो दोर सोड."

सांडूची आई आवडाबाई किंचाळली, "सरकारी माणसं नं तुम्ही? मग उतरा की, मुडद्यांनो!"

जमादारांनी कडुलिंबाच्या फांद्या दोराला बांधून विहिरीत खालीवर करायला लावल्या, हवा ढवळावी म्हणून. कंदील सोडला. विझला. पुन्हा फांद्या. पुन्हा कंदील. बन्सी ओढत राहिला. हात आपले आहेत असं त्याला वाटेना. आवडाबाईचं ओरडणं थांबलं, तेही त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

कंदील तळाशी जळत राहिला, तेव्हा जमादार स्वतः उतरले. सांडू गार पडला होता.

परतताना बन्सी जमादारांच्या शेजारीच बसला.

"बोल की रे काही," जमादार म्हणाले. "बूट तरी चावत असतील."

बन्सी समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला.

कुणी लवकर उतरलं असतं तर सांडू वाचला असता का, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. पुढच्या महिन्यात बन्सीनं पाणीपुरवठा खात्यात बदली मागितली. मिळाली.