सोडली नव्हे, सोडवली

ढगे गुरुजींची आणि माझी पहिली भेट शाळेच्या व्हरांड्यात झाली. अकोले तालुक्यातून, भाताच्या आणि पावसाच्या मुलखातून, मी श्रीगोंद्याच्या या कोरड्या बाजूला मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच आलो होतो. डोक्यावर ट्रंक, काखेत वळकटी, मागे पत्नी आणि तिच्या कडेवर आमचा अशोक. समोरून एक धिप्पाड गृहस्थ आले. त्यांनी माझ्या डोक्यावरची ट्रंक अलगद उतरवून घेतली आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "मास्तर, डोईवर वझं असताना असं वळून बघू नका. मानंला लई वाईट." मला थोडा रागच आला. बी.एड. होऊन आलेल्या माणसाची कोणी पहिल्या भेटीत मान पाहत नाही. पुढे कळले की शाळेचे हे व्यायामशिक्षक सगळ्यांचीच मान पाहतात. त्यांच्या आखाड्यात मुलांच्या माना धोक्यात असतात आणि ते क्षणभरही त्यांना विसरता येत नाही.

मी मुळात काळजीखोर. मूल आडाच्या काठावर वाकले की मी धावत जाऊन त्याला मागे ओढतो. त्यामुळे पाचवीतला अशोक "मला आखाड्यात जायचंय" म्हणाला तेव्हा घरात बरेच दिवस धुसफूस चालली. शेवटी गुरुजी स्वतः घरी आले. माझ्या पत्नीने चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारले, "गुरुजी, पोराला काही झालं तर?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "व्हतं वहिनी. कुस्तीत व्हतं. मलाबी रोज भ्या वाटतं. ज्याला भ्या वाटत न्हाई, त्याच्या हाती पोरगं देऊ नका."

माझ्यापेक्षाही घाबरट माणूस या गावात आहे आणि तो पैलवान आहे, हे ऐकून मला इतका धीर आला की मी त्याच दिवशी होकार दिला.

आमच्या हायस्कुलाच्या कुस्तीचे वेड ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते सांगून पटणार नाही. शाळेमागे लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचे छप्पर, त्याखाली तांबड्या मातीचा आखाडा. माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून गुरुजी ती लोण्यासारखी मऊ ठेवीत. वाड्यावस्त्यांवरून पालक मुलांची नावे घालायला येत, तेव्हा इंग्रजीला कोण, गणिताला कोण हे कोणी विचारत नसे. "आखाडा चालू हाय ना?" एवढीच चौकशी. हेडमास्तरांना हे मनातून लागे, पण शाळेचा पट वाढत होता, म्हणून ते गप्प राहत. शाळांच्या आपसांतल्या कुस्त्या असल्या की एस.टी.चा कंडक्टर फाट्यावर गाडी उभी करून टपावर चढे. उतारूंची तक्रार नसे, कारण तेही टपावरच असत.

एवढे काय होते त्यात? मी पुष्कळ विचार केला आहे. एरवी आमच्या मुलांना गावात कोणी नावाने हाक मारत नाही. अमक्याचा पोरगा, तमक्याचा धाकटा, अशीच त्यांची ओळख. मातीत उतरल्यावर मात्र हलगी थांबते आणि त्यांचे स्वतःचे नाव चार गावांच्या लोकांसमोर पुकारले जाते. त्या पुकाऱ्यासाठी मुले पहाटे उठून जोर-बैठका मारीत. माझ्या व्याकरणालाही या वेडाचा फायदा झाला. प्रयोजक क्रियापद डोक्यात शिरेना, तेव्हा मी कुस्तीच फळ्यावर घेतली. पकड निसटली तर 'सुटली'. भिऊन माघार घेतली तर कुस्ती 'सोडली'. पंचांनी मध्ये पडून दोघांना बरोबरीत वेगळे केले, तर कुस्ती 'सोडवली'. अख्ख्या वर्गाचे उत्तर बरोबर आले आणि गुरुजींनी ते ऐकून माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की मला खोकला आला.

गुरुजींची एक सवय गावाला ठाऊक आहे, पण तिच्याविषयी कोणी बोलत नाही. जिंकलेल्या मुलाला फेटा बांधून लोक खांद्यावर घेत, तेव्हा गुरुजी त्या मिरवणुकीत कधीच नसत. ते हरलेल्या मुलाबरोबर चालत त्याच्या घरापर्यंत जात. वाटेत कुस्तीचा विषय काढत नसत. दारात गेल्यावर मुलाच्या आधी स्वतः आत शिरत आणि बापाला म्हणत, "पाटील, पोरगं दमलंय. आज काय बोलू नका." कित्येक पोरांच्या पाठी त्या एका वाक्याने वाचल्या असतील.

आता गेल्या दुष्काळातल्या त्या दिवसाकडे येतो. गुरुजींच्या साठीच्या गौरवग्रंथात सत्कार समितीने मला लिहायला सांगितले ते गुरुजींच्या कार्याविषयी, आणि तो दिवस टाळला तर मी काहीच लिहिले नाही असे होईल.

विहिरी आटल्या होत्या. मुलांचे आईबाप खडी फोडायला जात होते, सुटीच्या दिवशी मुलेही जात. ताक सोडाच, चहालाही दूध नव्हते. आखाड्याची माती घट्ट होऊन तडकली. गुरुजी रोज सकाळी तिच्यात हात घालून बघत आणि तोंड बारीक करून परत येत. शेवटी त्यांनी आखाड्याच्या दाराला कडी घातली. "या मातीवर पोरगं पडलं तर दगडावर पडल्यावानी हाय," असे ते मला म्हणाले.

पण जत्रा आली. बाहेरचे नामांकित पैलवान बोलवायची गावाची ऐपत राहिली नव्हती, तेव्हा शाळेच्या मुलांच्याच कुस्त्या लावायच्या असे ठरले. गुरुजी नको म्हणाले. जत्रा कमिटीचे प्रमुख अण्णा म्हणाले, "गुरुजी, लोकांनी वर्सभर दगडच बघितल्यात. येक दीस कुस्ती बघू द्या." माती मऊ झाल्याशिवाय मुले उतरवणार नाही, यावर गुरुजी अडून बसले. मग जे झाले ते मी जन्मभर विसरणार नाही. प्रत्येक घरातून एक-एक कळशी पाणी आले. टँकरच्या रांगेत उभे राहून मिळवलेले पिण्याचे पाणी बायकांनी शाळेमागे नेऊन मातीत ओतले. गुरुजींनी पोरांना घेऊन माती खणली, चाळली, कालवली. संध्याकाळी माती छान झाली होती, पण गुरुजींचा चेहरा उतरलेलाच होता. "मास्तर, हे पानी लई जड हाय," एवढेच म्हणाले.

शेवटची जोड अशोकची. समोर शेजारच्या गावच्या हायस्कुलाचा मुलगा, वजनाने आणि उंचीने अगदी जोडीचा. गुरुजी पंच. माझी पत्नी घरी देवापुढे बसली होती. मी आखाड्याच्या काठावर दोन्ही हातांनी बांबू धरून उभा होतो. सुरुवातीलाच त्या मुलाने अशोकला उचलून टाकले. अशोक डोके आणि खांदा यांवर पडला, पण लगेच वळला आणि उठला. माझा जीव भांड्यात पडला. लोक ओरडू लागले. मग अशोकने पट काढून त्याला खाली घेतले, पाठीवर बसला आणि त्याला उलथून चीत करायला घिस्सा लावू लागला. आता तो जिंकणार हे लहान पोरालाही दिसत होते. हलगी चढली. मीही ओरडत होतो.

आणि गुरुजी मध्ये धावले. ते पंचांच्या जागेवरून थोडे बाहेर, पाणी प्यायला म्हणून, पायांत वहाणा सरकवून उभे होते. तसेच, वहाणांसकट, ते मातीत शिरले. ज्या मातीला पोरे रोज कपाळ टेकवीत, जिच्यात गुरुजींनी कधी कोणाला पायमोजे घालूनही येऊ दिले नव्हते, तिच्यात ते वहाणा घालून उभे होते. त्यांनी अशोकला वरून हळूच अलग केले, दोघांचे हात वर केले आणि म्हणाले, "बरोबरी. सोडवली."

हलगी थांबली. मग मागून कोणीतरी ओरडले, "सोडली! गुरुजींनी कुस्ती सोडली!" तो एक 'व' गळाला आणि सगळे मैदान ते ओरडू लागले. ढेकळे येऊन पडली. अशोक रडत गुरुजींचा हात झिडकारत होता. अण्णा पुढे आले. "गुरुजी, गावानं पिण्याचं पानी घातलंय या मातीत. आन तुमी वहाणा घालून तुडवली?"

"पानी गावाचं हाय, अण्णा," गुरुजी म्हणाले. "मान पोराची हाय." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, त्येची डावी मूठ बघा."

मी पाहिली. अशोक रागाने मुठी आवळून उभा होता. उजवी मूठ घट्ट होती. डावीची बोटे अर्धवट वाकून उघडीच राहिली होती आणि अशोकला त्याचा पत्ताही नव्हता. गुरुजींना ते काठावरून दिसले होते. मघाच्या पडण्याने मानेला काही झाल्याशिवाय पकड घेताना बोटे अशी उघडी राहत नाहीत, आणि खालचा मुलगा पुढच्या उसळीत अशोकच्या मानेवर पडला असता तर, हे वाक्य त्यांनी तेव्हाही पुरे केले नाही आणि आजही मी ते पुरे करू शकत नाही.

साखर कारखान्याच्या जीपमधून आम्ही नगरला गेलो. रस्ता खड्ड्यांचा. गुरुजींनी अशोकचे डोके मांडीवर घेऊन दोन्ही तळव्यांत धरले होते. अशोकने सारा वेळ डोळे मिटून घेतले होते, कारण त्याला गुरुजींचे तोंड बघायचे नव्हते. डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे फोटो काढला. हाड शाबूत होते. नस दबली असावी, मान हलवू न देता पडून राहू द्या, म्हणाले. "कुस्ती चालू राहिली असती तर?" मी विचारले. "ते कोणीच सांगू शकणार नाही," डॉक्टर म्हणाले.

हेच गुरुजींना भोवले. हाड मोडले असते तर गावाने त्यांना देव केले असते. हाड शाबूत निघाले, तेव्हा लोक म्हणू लागले, "बघा, पोराला काय झालं न्हवतं. म्हाताऱ्यानं शेजारच्या गावासंगं संधान बांधलं." निवृत्ती तोंडावर आली होती आणि आयुष्यभराच्या नावावर पाणी पडत होते. गुरुजींनी एकदाही खुलासा केला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच आखाड्यात गेले, नारळ फोडला आणि मातीला नाक घासून वहाणांबद्दल माफी मागितली. माणसांची मागितली नाही.

रोज शाळा सुटली की ते आमच्याकडे येत. अशोकच्या डाव्या हातात स्वतःचे बोट देत आणि म्हणत, "आवळ." अशोक त्यांच्याशी बोलत नसे. भिंतीकडे बघत तो नावापुरते बोट धरी. गुरुजी बाहेर येत. मी त्यांच्या तोंडाकडे बघे, ते माझ्या तोंडाकडे. पत्नीने त्या दिवसांत माझ्याशी अवाक्षर काढले नाही, आणि गुरुजींना मात्र न चुकता चहा दिला. असे कितीतरी दिवस गेले. बोटे तशीच होती आणि तो हात आता असाच राहणार असे मी मनात धरून चाललो होतो.

मग एका संध्याकाळी अशोकचा बांध फुटला. "तुम्ही माझी कुस्ती घालवली!" तो ओरडला, आणि सगळा राग त्या हातात आणून त्याने गुरुजींचे बोट पिरगाळले. गुरुजी "आई गं!" म्हणून कळवळले. आम्ही धावलो. बघतो तो गुरुजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि ते हसत होते. "आजून आवळ, लेका," ते म्हणत होते. "शिव्या दे मला. आजून आवळ." अशोकने आपल्या हाताकडे पाहिले. मग त्याने गुरुजींचे बोट सोडले नाही, पण पिरगाळायचे थांबवले. तेवढ्यावर त्या दोघांचे मिटले.

यंदा पाऊस बरा झाला. आखाड्याच्या मातीला पुन्हा ताक मिळू लागले आहे. गुरुजींना तेव्हा नावे ठेवणारे गावच आज त्यांची साठी साजरी करत आहे आणि सत्काराच्या समितीत अण्णा पहिले आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण मला निर्धास्तपणे लिहिता येत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून अशोक पुन्हा मातीत उतरायचे म्हणतो. अकरावीचे वर्ष आहे हे सांगून पाहिले. त्याने आईला मध्ये घातले, आणि नवल म्हणजे तीही त्याच्या बाजूने झाली. शेवटी मी अट घातली की गुरुजी समोर असतील तरच. गुरुजी निवृत्त झाले तरी आखाड्यावर असतातच, तेव्हा आपण सुरक्षित जागा पकडली असे मला वाटले.

परवा शाळेच्या वाटेवर गुरुजी समोरून आले. मी नमस्कार केला. ते थांबले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "कोन हाय?" मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. नगरला शस्त्रक्रिया ठरली आहे. तोवर कोणाची मूठ मिटते आणि कोणाची मिटत नाही, हे त्यांना दिसणार नाही.

या ग्रंथात थोरामोठ्यांनी गुरुजींना शतायुष्य चिंतले असेल. मीही चिंततो. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे साथ देवोत, त्यांच्या घरच्या वहिनींना आणि आम्हा सर्वांना त्यांचा सहवास उदंड लाभो. मात्र देवापुढे माझे मागणे थोडे उलट्या क्रमाने आहे. आधी त्यांना डोळे मिळोत, मग आयुष्य. अशोकने कालच लंगोट धुऊन दोरीवर वाळत घातला आहे.